युरोपियन लोकांनी मिरी आणि कापड नेलं हे समजलं, पण बदल्यात दिलं काय?

घोडबंदर_रोडवाला (ठाणे पश्चिम)

नमस्कार मंडळी. इथे इतिहासातली जाणकार माणसं बरीच आहेत म्हणून विचारतोय. मुलीचा अभ्यास घेत होतो, तेच आपलं नेहमीचं, १४५३ ला तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल घेतलं, रस्ता बंद झाला असं पुस्तक म्हणतं, १४९८ ला वास्को द गामा कालिकतला उतरला, मसाले नेले, मागून डच आले इंग्रज आले, संपला धडा. तर ती म्हणे बाबा ते मिरी विकत घ्यायचे का उचलून न्यायचे? म्हटलं विकत घ्यायचे. मग म्हणे कशाने? आणि माझी बोलती बंद.

खरंच कशाने? म्हणजे बघा, आपल्याकडे मिरी होती, सुती कापड होतं, नीळ होती, साखर होती. त्यांच्याकडे आपल्याला हवंसं काय होतं? लोकरीचे कोट? कोकणातल्या उकाड्यात? आणि प्लीज नुसतं "लुटलं" असं उत्तर देऊ नका, लूट एकदा होते, दोनदा होते, पण दरवर्षी जहाजं भरभरून माल अडीचशे वर्षं नेत राहायचं तर कोणीतरी कुठेतरी पैसे मोजत असणार ना.

अजून एक, या सगळ्यात आपल्या ठाण्याचा काही रोल होता का, का जे काय झालं ते गोवा आणि वसईलाच? घोडबंदरचा किल्ला पोर्तुगीजांचा एवढंच माहितीय, तो तिथे कशाला बांधला हे कोणी धड सांगत नाही.

---

नौपाड्याचा_सराफ

मुलीला माझ्याकडून शाब्बासकी सांगा. हा प्रश्न सगळ्यात आधी पडला तो कालिकतच्या दरबारातल्या लोकांना. वास्को द गामाने झामोरीन राजासाठी भेट म्हणून काय काढलं माहितीय? पट्ट्यापट्ट्याच्या कापडाचे बारा तुकडे, चार लाल टोपडी, सहा हॅट, पोवळ्याच्या चार माळा, हात धुवायच्या सहा भांड्यांची एक पेटी, एक पेटी साखर, दोन पिंपं तेल आणि दोन पिंपं मध. हे बघून राजाची माणसं हसायला लागली, म्हणाली मक्केहून येणारा गरिबातला गरीब व्यापारी पण याहून जास्त देतो, राजाला द्यायचंच असेल तर सोनं द्या. साखर कुठे नेतोय, तर भारतात, आता बोला! परत जाताना झामोरीनने पोर्तुगालच्या राजाला जे पत्र दिलं त्यात सरळ लिहिलंय की माझ्या मुलखात दालचिनी, लवंग, आलं, मिरी, रत्नं भरपूर आहेत, त्याबदल्यात मला सोनं, चांदी, पोवळं आणि लाल कापड पाहिजे. व्यवहाराला माणूस अगदी स्पष्ट होता.

म्हणजे पहिल्या दिवसापासून मागणी धातूची होती. सुरुवातीच्या काळात पोर्तुगीजांनी मिरीच्या बदल्यात तांबं पुष्कळ आणलं, मलबारात तांब्याला चांगला उठाव होता. शिवाय पारा, शिसं, पोवळं. सोनं आणायचे आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून, सोफाळ्याहून, आणि गंमत बघा, सोफाळ्याला ते सोनं मिळायचं गुजरातच्या कापडावर. म्हणजे आपलंच कापड घ्या, आफ्रिकेत विका, सोनं घ्या, ते मलबारात देऊन मिरी घ्या. युरोपचा स्वतःचा माल त्यात कुठेच नाही, जहाज तेवढं त्यांचं.

पण एवढ्यावर मोठा व्यापार चालला नसता. खरा फरक पडला तो १५४५ नंतर. दक्षिण अमेरिकेत, आजच्या बोलिव्हियामध्ये, साधारण ४००० मीटर उंचीवर पोतोसी म्हणून गाव आहे, तिथल्या डोंगरात स्पॅनिश लोकांना चांदी सापडली आणि ती चांदी नुसती थांबेचना. मेक्सिकोतही खाणी होत्या. १५७० च्या दशकात पारा वापरून हलक्या खनिजातूनही चांदी काढायची पद्धत तिथे बसवली आणि उत्पादन कुठल्या कुठे गेलं. उजाड थंड डोंगर, गवत सोडून काही उगवत नाही, आणि तिथे लाखाच्या वर वस्ती झाली. खाणीत कोण जायचं तर आजूबाजूच्या प्रांतांतल्या मूळ रहिवाशांच्या गावांमधून सक्तीने आणलेली माणसं, मिता म्हणायचे त्या पद्धतीला, प्रत्येक गावाने आपल्या पुरुषांपैकी सातवा हिस्सा पाळीपाळीने पाठवायचा. पाऱ्याच्या वाफा आणि खाणीतली धूळ, किती जण परत जायचे विचारू नका.

तर ही चांदी नाण्याच्या रूपाने स्पेनमधल्या सेव्हिलला यायची, तिथून लिस्बन, अ‍ॅमस्टरडॅम, लंडन, आणि तिथून जहाजात घालून सुरतेला. दुसरी वाट प्रशांत महासागरातून, मेक्सिकोच्या अकापुल्कोहून मनिलाला, १५६५ पासून १८१५ पर्यंत वर्षाला एकदोन जहाजं. तिकडे चिनी रेशीम भरायचं आणि परत. चीनने आपला कर चांदीत घ्यायला सुरुवात केली होती, त्यामुळे चीनला चांदी पाहिजेच होती आणि मोगल राज्यात शेतसारा रोख रुपयात, त्यामुळे इकडेही पाहिजेच. जगातली दोन मोठी गिऱ्हाइकं एकाच धातूला चटावलेली.

आता सुरतेत काय व्हायचं ते सांगतो, कारण आमच्या घरात तीन पिढ्या हाच धंदा म्हणून मला यात जरा जास्तच रस. स्पॅनिश रियाल, आठ रियालचं मोठं नाणं, वजनाला साधारण २७ ग्रॅम. मोगल रुपया साडेअकरा ग्रॅमच्या आसपास आणि जवळजवळ शुद्ध. पण रियाल बाजारात तसाच चालायचा नाही. मोगल राज्यात चालणार तो बादशहाच्या नावाचा रुपया, परदेशी नाणं म्हणजे फक्त धातू. मग ते वजन करायचं, कस बघायचा, टांकसाळीत नेऊन वितळवून रुपये पाडून घ्यायचे, टांकसाळीची फी द्यायची. एका रियालचे दोन रुपयांच्या थोडे वर हातात पडायचे. पण टांकसाळीत नंबर लागायला वेळ, इकडे मान्सून तोंडावर, माल घेऊन जहाज वेळेत सुटलं नाही तर वर्ष फुकट. म्हणून कंपनीवाले बऱ्याचदा चांदी सरळ सराफांना विकून मोकळे व्हायचे, सराफ आपला बट्टा कापून तयार रुपये हातावर ठेवायचा. सुरतेचा वीरजी व्होरा तर इंग्रजांना व्याजाने पैसे द्यायचा. १६६४ ला महाराजांनी सुरत लुटली तेव्हा ज्यांच्या वाड्यावर धाड पडली त्यात हा वीरजी व्होरा होता, म्हणजे विचार करा किती माल असेल.

इंग्लंडमध्ये यावरून बोंब होती बरं का. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं लंडनहून निघायची तेव्हा किमतीच्या हिशेबाने तीनचतुर्थांशाच्या आसपास नुसतं सोनं-चांदी असायचं, लोकर थोडीफार, ती पण खपत नाही म्हणून वखारीतले लोक रडायचे. तिकडची मंडळी म्हणायची हे लोक देशाची सगळी चांदी हिंदुस्थानात ओततात आणि त्याबदल्यात आणतात काय तर छिटाचं कापड. शेवटी १७०० मध्ये आणि परत १७२१ मध्ये कायदे करून आपलं छापील कापड तिथे बंद केलं. कोटाबद्दल तुम्ही जे म्हणालात ते त्यांनाही कळलं होतं, पण काही इलाज नव्हता.

---

उलवे_सीएचए

सराफसाहेबांनी चांदीचं भारी सांगितलं. पण पोर्तुगीजांचं गणित यातून पूर्ण सुटत नाही. त्यांच्याकडे स्पेनएवढी चांदी नव्हती, देश केवढासा, माणसं किती, दरवर्षी लिस्बनहून मोजकी जहाजं निघायची, मार्च-एप्रिलला सुटली की सप्टेंबर-ऑक्टोबरला गोव्याला. एवढ्याशा भांडवलावर ते शंभर वर्षं दादागिरी करून कसे राहिले? तर कागद विकून.

मी सीएचए, म्हणजे कस्टम्सचा एजंट, रोज न्हावाशेवाला कागदांशीच झटापट करतो त्यामुळे मला हा प्रकार लगेच कळला. त्याला म्हणायचे कार्ताज. हिंदी महासागरात तुमचं जहाज न्यायचं असेल तर पोर्तुगीजांकडून परवाना घ्या. त्यात काय लिहिलेलं असायचं तर जहाजाचं नाव, नाखुदा म्हणजे कप्तान कोण, जहाज केवढं, खलाशी किती, तोफा किती, कुठून निघून कुठे जाणार, कुठला माल चालणार नाही. मिरी न्यायची नाही, ती राजाची मक्तेदारी. तुर्क माणूस जहाजावर नको, तोफा-दारूगोळ्याचं सामान नको. कार्ताज नसलं आणि समुद्रात पोर्तुगीज गलबत आडवं आलं की माल जप्त, जहाज जप्त, माणसं गुलाम. सरळ मराठीत हप्ता.

आता खरी मेख ऐका. कार्ताजची फी किरकोळ होती. पैसा फीमध्ये नव्हताच. त्यात एक अट असायची की जाता येता आमच्या अमुक ठाण्यावर थांबायचं आणि तिथे जकात भरायची. गुजरातचं जहाज असेल तर दीवला. आखातात चाललं असेल तर होर्मुझला. गोवा त्यांनी घेतला १५१०, मलाक्का १५११, होर्मुझ १५१५, दीवला बसले १५३५ ला. नकाशावर बोट ठेवून बघा, एकही जागा उगाच नाही, सगळी समुद्राची नाकी आहेत. अरबी घोड्यांचं पण तसंच, घोडे गोव्यालाच उतरले पाहिजेत, मग विजयनगर घ्या का आदिलशहा घ्या, घोडा पाहिजे तर गोव्याची जकात भरा.

आणि तिसरं उत्पन्न आशियातल्या आशियात. चीनचं रेशीम मकाऊहून जपानला न्यायचं, जपानची चांदी घ्यायची, त्याचं परत रेशीम. डचांनी तर हे अजून पद्धतशीर केलं. इंडोनेशियाच्या बेटांवर जायफळ-लवंगवाल्यांना चांदी नको होती, त्यांना कोरोमंडल आणि गुजरातचं कापड पाहिजे होतं. म्हणून डच आधी भारतात येऊन कापड घ्यायचे, ते तिकडे नेऊन मसाला. जायफळाच्या बांदा बेटांवर लोक दुसऱ्यांनाही माल विकतात म्हणून १६२१ मध्ये कून नावाच्या त्यांच्या गव्हर्नरने तिथली जवळजवळ सगळी वस्ती मारून नाहीतर हाकलून टाकली आणि मग मळ्यांवर गुलाम आणून लावले. हे पण "व्यापार" या हेडिंगखालीच येतं.

---

घोडबंदर_रोडवाला

बाप रे, एवढ्या लगेच एवढं डिटेल येईल असं वाटलं नव्हतं. सराफसाहेब आणि सीएचए दादा दोघांनाही धन्यवाद. एक शंका आहे, हे कार्ताज लोक घ्यायचे कशाला? म्हणजे मोगलांसारखी बादशाही, लाखाची फौज, आणि हे मूठभर लोक समुद्रात परवाना दाखवा म्हणतात आणि आपण तो घेतो?

---

उलवे_सीएचए

फौज लाखाची पण जमिनीवर. समुद्रावर मोठ्या तोफांचं आरमार ठेवायची गरज त्यांना वाटली नाही, उत्पन्न शेतसाऱ्याचं, बंदरातून येईल ते वरकड. मग परवाना घेतलेला परवडायचा. अकबराची आत्या गुलबदन बेगम हजला निघाली १५७५ मध्ये, तिलासुद्धा कार्ताजची वाट बघत सुरतेत ताटकळत बसावं लागलं, जहाज सुटलं पुढच्या वर्षी. बादशहाची आत्या बरं का. त्या कागदावर मेरी आणि येशूचं चित्र असायचं म्हणून दरबारातल्या काही मौलवींनी असं पण म्हटलं की असा कागद घेऊन जायचं तर हज केलंच पाहिजे असं नाही.

आणि पैसे भरून सुद्धा खात्री नाही. १६१३ ला पोर्तुगीजांनी सुरतेजवळ रहीमी नावाचं जहाज पकडलं, मोठंच्या मोठं जहाज, हजचे यात्रेकरू आणि माल, मालकीण कोण तर जहांगीरची आई. कार्ताज होतं तरी पकडलं. मग मात्र बादशहा भडकला, दमणवर फौज पाठवली, आणि या भांडणात इंग्रजांचं आयतं फावलं, त्यांची सुरतची वखार नुकतीच सुरू होत होती.

पण कार्ताज म्हणजे लोखंडी भिंत होती असं पण समजू नका. १५५० नंतर मिरी तांबड्या समुद्राकडून परत बरीच जायला लागली, व्हेनिसला पूर्वीसारखी मिळायला लागली, आणि ती पोचवणाऱ्यांकडून मलई खाणारे पोर्तुगीज अधिकारीच होते. पगार कमी, साईडचा धंदा मोठा. हे वाचून ज्याला जे आठवायचं ते आठवो.

---

खाडीकाठची (चेंदणी, ठाणे)

ठाण्याचं कोणीच बोललं नाही अजून म्हणून मी लिहिते. दादा, रोल होता, चांगला होता.

डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने पोर्तुगीजांना वसई दिली, हुमायून अंगावर येत होता म्हणून त्याला मदत पाहिजे होती. वसईबरोबर साष्टी, म्हणजे ठाण्यापासून वांद्र्यापर्यंतचं बेट, आणि मुंबईची बेटं पण गेली. आणि पोर्तुगीज एवढे किल्ले कशावर बांधत होते म्हणाल, तर सगळं समुद्रातून नाही आलं, इथली जमीन होती. साष्टीचा भात, नारळ, मिठागरं, वसईच्या मागच्या जंगलातलं सागवान, दगड. वसईचा दगड गोव्यापर्यंत जायचा. जहाजं इथे बांधली जायची. गावंच्या गावं पोर्तुगीज सरदारांना भाड्याने दिलेली, आख्खं मुंबई बेट गार्सिया द ओर्टा नावाच्या डॉक्टरकडे होतं. राबणारी माणसं आमचीच, कोळी, कुणबी, भंडारी, आगरी. धर्मांतराचा त्रास वेगळा, त्यावर लिहायला बसले तर वेगळा धागा लागेल.

आता खाडी. १६६१ च्या लग्नाच्या करारात मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण दिली हे सगळ्यांना माहिती असतं, पण ठाणे, साष्टी आणि पलीकडे उरणचं करंजा हे पोर्तुगीजांनी सोडलं नाही. राजाने १६६८ मध्ये मुंबई कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने देऊन टाकली. आता कंपनीची पंचाईत बघा. मुंबईला पोटाला धान्य पाहिजे, लाकूड पाहिजे, निर्यातीला कापड पाहिजे, आणि हे सगळं येणार कुठून तर कल्याण-भिवंडीकडून, म्हणजे होड्या येणार ठाण्याच्या खाडीतून. आणि खाडीच्या तोंडाला बसलेत पोर्तुगीज, प्रत्येक होडीकडून जकात घेत. दक्षिणेकडून आलात तर करंज्याला जकात. बंदर इंग्रजांचं, त्याचा गळा मात्र ठाण्यात पोर्तुगीजांच्या हातात! इंग्रज वर्षानुवर्षं तक्रारी करत राहिले. ते मुंबई ताब्यात असून ठाण्यावर डोळा ठेवून का होते हे यातून कळतं. घोडबंदरचं पण तेच, वसईच्या खाडीला उल्हास नदी जिथून वळून येते तिथे तो किल्ला, पाण्यावरून कोण येतंय जातंय ते बसल्या जागेवरून दिसतं.

मग १७३७ ला चिमाजी अप्पांच्या फौजा खाडी उतरून आल्या आणि ठाणे घेतलं. तेव्हा ठाण्याचा किल्ला अर्धवट बांधून झाला होता, पोर्तुगीजांचं काम चालूच होतं. दोन वर्षांनी मे १७३९ मध्ये वसई पडली. वसईच्या भागातल्या चर्चच्या घंटा मराठे घेऊन गेले, नाशिकला नारोशंकराच्या देवळात आहे ती १७२१ सालची, भीमाशंकरला एक आहे. ठाण्याचा किल्ला १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी घेतला, आणि आता तो किल्ला म्हणजे आपलं सेंट्रल जेल. माझ्या मामेभावाला हे सांगितलं तर तो म्हणे जेल किल्ल्यासारखं बांधलंय असं वाटायचं. किल्ल्यासारखं नाही रे बाबा, किल्लाच आहे.

---

मिसळ_हाच_धर्म (कोपरी)

चांदीचं काय घेऊन बसलात, मिरची दिली की! मिरची, बटाटा, टोमॅटो, मका, पेरू, पपई, अननस, काजू, शेंगदाणा, तंबाखू, सगळं अमेरिकेचं, बरंचसं पोर्तुगीज जहाजांतून आलेलं. त्याआधी तिखट म्हणजे मिरी, पिंपळी, आलं असलंच. विचार करा तर्रीशिवाय आयुष्य. मिरी न्यायला आले आणि मिरीला घरातून बाहेर काढणारी मिरची ठेवून गेले. माझ्या मते हिशेब फिटला 😀

---

वाशी_सेक्टर_सतरा

वरचं सगळं वाचलं. मला एक कळत नाही, सराफसाहेबांच्या म्हणण्याप्रमाणे दोनशे वर्षं जगातली चांदी आपल्याकडे येत होती, मग आपला फायदाच झाला असं म्हणायचं का? म्हणजे युरोपियन लोकांनी व्यापार केला, पैसे रोख दिले, आपण श्रीमंत झालो? असं लिहिलं की काही लोकांना फार आवडतं म्हणून विचारतो.

---

नौपाड्याचा_सराफ

वाशीकर, नाही, तसं म्हणायचं नाही, आणि आपण म्हणजे कोण हे आधी ठरवू या. चांदी आली ती सराफाकडे, दलालाकडे, मोठ्या व्यापाऱ्याकडे आणि शेतसाऱ्याच्या वाटेने बादशहाच्या खजिन्यात. विणकराला दलालामार्फत आगाऊ रक्कम मिळायची, त्यात सूत घ्यायचं आणि ठरल्या मापाचं कापड ठरल्या दिवसाला द्यायचं. पण त्यातल्या त्यात एक होतं, गिऱ्हाईक अनेक होते. इंग्रज, डच, फ्रेंच, आर्मेनियन, गुजराती, इराणी. एकाने भाव पाडला तर दुसऱ्याकडे जाता यायचं. चांदी घेऊन दारात यावं लागायचं यातच सगळं आलं, ज्याला विकत घ्यायचं असतं तो नमतं घेतो.

ते संपलं १७५७ नंतर, आणि खऱ्या अर्थाने १७६५ ला. प्लासीनंतर आठ वर्षांनी कंपनीला बंगालची दिवाणी मिळाली, म्हणजे शेतसारा वसूल करायचा हक्क. त्यानंतर त्यांनी काय केलं? बंगालच्या शेतकऱ्याकडून सारा घेतला आणि त्याच पैशातून बंगालच्या विणकराकडून कापड घेऊन लंडनला पाठवलं. लंडनहून बंगालला येणारी चांदी आटली. विणकरावर गुमास्ते, म्हणजे कंपनीचे पगारी एजंट, बसवले, दुसऱ्याला माल विकायचा नाही, भाव कंपनी सांगेल तो. तुमच्या मुलीने विचारलं ना बाबा कशाने विकत घ्यायचे, तर १७६५ नंतरचं बंगालपुरतं उत्तर आहे, आपल्याच पैशाने. मूळ पोस्टमध्ये "लुटलं म्हणू नका" असं लिहिलंय ते पहिल्या अडीचशे वर्षांना बरंचसं लागू आहे, इथून पुढे मला तो शब्द वापरू द्या.

चीनचं पण असंच, चहाला चांदी मोजायला लागायची, ती वाचवायला इथली अफू तिकडे जायला लागली. ती गोष्ट पुढच्या शतकातली, आणि तिच्यात आपल्या मुंबईच्या शेठ लोकांचे हात किती काळे झाले ते कोणी काढत नाही.

---

वाशी_सेक्टर_सतरा

हे पटलं. मग अजून एक, आपल्या बाजूने कोणीच समुद्रावर तसं का केलं नाही? परवाना त्यांनीच का द्यायचा, आपण का नाही?

---

उलवे_सीएचए

केलं की. महाराजांनी कल्याण-भिवंडीला जहाजं बांधायला घेतली तेव्हा कामावर पोर्तुगीज कारागीर सुद्धा होते, वसईच्या कॅप्टनचा जीव खालीवर झाला आणि त्या माणसांना फूस लावून परत बोलावलं. आणि परवान्याचं म्हणाल तर कान्होजी आंग्र्यांनी हुबेहूब तेच केलं, दस्तक म्हणायचे. कोकणपट्टीवरून जायचंय तर आमचं दस्तक घ्या, नाही घेतलं तर गलबत कुलाब्याला, म्हणजे अलिबागच्या किल्ल्याकडे. इंग्रज म्हणाले आम्ही नाही घेणार, तर १७१२ मध्ये मुंबईच्या गव्हर्नरची स्वतःची याट धरली. लगेच इंग्रजांच्या कागदपत्रात कान्होजी "चाचा" झाले, म्हणजे दोनशे वर्षं पोर्तुगीजांनी केलं ते राज्यकारभार आणि तेच आंग्र्यांनी केलं तर चाचेगिरी. १७२१ ला इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊन कुलाब्यावर चालून आले आणि हात हलवत परत गेले. १७२९ ला कान्होजी वारले, मुलांमध्ये भांडणं, घर दोन ठिकाणी वाटलं गेलं.

---

खाडीकाठची

आणि शेवट पण सांगा ना दादा. १७५६, विजयदुर्ग. कान्होजींचे चिरंजीव तुळाजी आंग्रे, त्यांचं आख्खं आरमार बंदरात जाळलं. इंग्रजांनी, बरोबर पेशव्यांची फौज. तुळाजी पेशव्यांना जुमानत नव्हते, खंडणी देत नव्हते हे सगळं मान्य, पण शत्रूची जहाजं आपल्या बंदरात बोलावून आपलंच आरमार जाळून घ्यायचं? इंग्रजांच्या आरमारात तेव्हा क्लाइव्ह पण होता. पुढच्याच वर्षी तो प्लासीला.

---

वाशी_सेक्टर_सतरा

क्लाइव्ह विजयदुर्गला होता?? हे शाळेत कोणी सांगितलं नाही.

---

घोडबंदर_रोडवाला

मुलीला सगळा धागा वाचून दाखवला. तिचा पुढचा प्रश्न आहे की पोतोसीच्या डोंगरात आता चांदी उरलीय का. कोणाला माहिती असेल तर सांगा, नाहीतर मला रात्रभर झोपू देणार नाही.

---

नौपाड्याचा_सराफ

आहे, थोडी थोडी. जस्त, कथील आणि चांदी काढतात अजून, डोंगर आतून पोखरून भुसभुशीत झालाय, वरून माथा खचतोय, तरी लोक रोज आत जातात.